गाडीच्या बॅटरीची वीज घराला आणि ग्रिडला: आधी काय, नंतर काय आणि कुठे थांबायचं

विजेची गाडी दारात उभी राहिली की पहिल्या पावसातच दोन प्रश्न येतात. लाईट गेली तर गाडीवर घर चालेल का? आणि बॅटरीत उरलेली वीज गोव्याच्या वीजखात्याला देता येईल का? दोन्हींची उत्तरं आहेत, पण ती शोधताना बहुतेकांचा क्रम उलटा होतो. व्हिडिओ बघून वायरमनला बोलावलं जातं, गाडीची वायर थेट घरच्या बोर्डात घालायचं ठरतं, आणि गाडी कधी चार्ज करावी हा साधा प्रश्न कोणी विचारतच नाही.

काम तीन पायऱ्यांचं आहे. पहिली, चार्जिंगची वेळ बदलून ग्रिडवरचा, म्हणजे विजेच्या सामाईक जाळ्यावरचा, ताण कमी करणं. ही आजच जमते, खर्च जवळजवळ शून्य, आणि ग्रिडला खरा आधार सध्या हिच्यातूनच मिळतो. दुसरी, लाईट गेल्यावर गाडीतून घरातली मोजकी उपकरणं चालवणं. तिला तयारी लागते. तिसरी, गाडीतली वीज मीटरमधून उलटी बाहेर सोडणं. तिला लेखी परवानगी लागते, आणि ती हातात नसेल तर तो विषय तिथेच संपतो. खालचे टप्पे याच क्रमाने आहेत. मधला टप्पा गाळून पुढे जाऊ नका.

टप्पा 1: आधी कागद

गाडीचं मालकपुस्तक काढा. जाहिरातीतलं नको, गाडीबरोबर आलेलं. त्यातून चार गोष्टी एका कागदावर उतरवा.

1. बॅटरी किती युनिटांची आहे. एक किलोवॅट-तास म्हणजे एक युनिट. नेक्सॉनची मोठी बॅटरी 45 ची, क्रेटा इलेक्ट्रिकची 42 किंवा 51.4 ची, आयोनिक 5 ची 72.6 ची.
2. गाडी बाहेर वीज देते का, आणि किती. या सोयीला व्हीटूएल म्हणतात, म्हणजे गाडीतून थेट उपकरणाला वीज. नेक्सॉनमध्ये ती 3.3 केव्हीएपर्यंत (केव्हीए म्हणजे ढोबळमानाने किलोवॅटच), आयोनिक 5 मध्ये 3.6 किलोवॅटपर्यंत मिळते. एकाच मॉडेलच्या खालच्या व्हेरिअंटमध्ये ती नसू शकते, म्हणून शेजाऱ्याच्या गाडीवरून अंदाज बांधू नका.
3. बॅटरीची जात एलएफपी की एनएमसी, म्हणजे लिथियम बॅटरीच्या दोन रासायनिक प्रकारांपैकी कुठली. किती टक्क्यांपर्यंत भरायची हे त्यावर ठरतं.
4. घराच्या वायरिंगला जोडण्याबद्दल पुस्तकात काय लिहिलं आहे. हे वाक्य शब्दशः उतरवा. कंपनीने मनाई केली असेल तर तुमचा प्रवास टप्पा 5 वर संपतो, आणि त्यात वाईट काही नाही.

मग वीजबिल काढा. त्यावर मंजूर भार, सिंगल फेज की थ्री फेज, आणि तुमचा प्रवर्ग दिलेला असतो. भिंतीवरचा 7.2 किलोवॅटचा चार्जर एकटाच 32 अँपिअरच्या आसपास घेतो. मंजूर भार 3 किंवा 5 किलोवॅट असेल तर आधी भार वाढवून घ्या. केंद्राच्या 2024 च्या ग्राहक हक्क दुरुस्ती नियमांनुसार गाडीच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणीही मागता येते. जोडणी देण्याची मुदत नगरपालिका हद्दीत 7 दिवस, ग्रामीण भागात 15 दिवस अशी ठरवली आहे. अर्जाची पोच घ्या आणि तारीख लिहून ठेवा.

टप्पा 2: अर्थिंग आणि व्होल्टेज

हा टप्पा सगळेच उरकतात. त्यामुळे इथे जरा रेंगाळतो.

गोव्यातली बरीचशी घरं चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्याच्या जमिनीवर उभी आहेत. जुलैत ही जमीन पाण्याने भरलेली असते आणि अर्थिंगचं मोजमाप छान येतं. तीच जमीन मे महिन्यात वाळते आणि तोच अर्थिंगचा खड्डा निकामी होतो. म्हणून मोजमाप मेच्या अखेरीस, पहिला पाऊस पडायच्या आधी करून घ्या. वायरमनकडे अर्थ टेस्टर हवा. बल्ब लावून ‘पेटला, म्हणजे अर्थिंग आहे’ हे मोजमाप नव्हे. 5 ओहमच्या खाली आकडा आला तर उत्तम. नाही आला तर खड्डा खोल करणं, दुसरा इलेक्ट्रोड टाकून दोन्ही जोडणं, उन्हाळ्यात पाणी घालत राहणं, असे उपाय आहेत.

समुद्राजवळच्या घरांचं दुखणं वेगळं. कळंगुट असो की बेतूल, खारट हवेने सॉकेटच्या आत आणि अर्थिंगच्या नटबोल्टवर हिरवट थर चढतो. बाहेरून सॉकेट नवाकोरा दिसतो, पण 15 अँपिअर तासन्‌तास वाहिले की प्लगची पिन तापते. चार्जिंग सुरू करून अर्ध्या तासाने प्लगवर हात ठेवा. कोमट असेल तर चालेल. हात टेकवत नसेल तर चार्जिंग बंद करा आणि सॉकेट बदला. बोर्डाचं झाकण काढलंच आहे तर आतल्या मुंग्या आणि पाली यांचाही बंदोबस्त करून टाका.

आता व्होल्टेज. प्लगमध्ये बसणारा छोटा व्होल्टमीटर बाजारात सहज मिळतो. रात्री साडेआठला, गाडी लावण्याआधी आकडा पाहा. मग गाडी लावा आणि दहा मिनिटांनी पुन्हा पाहा. आपल्याकडे घरगुती पुरवठा 230 व्होल्टचा, वर-खाली 6 टक्के, म्हणजे साधारण 216 ते 244 च्या दरम्यान असायला हवा.

*तपासा:* गाडी लावल्यावर आकडा दहापेक्षा जास्त व्होल्टने खाली आला तर वायरमनकडून मीटरपाशीही मोजून घ्या. मीटरपाशी ठीक आणि पोर्चमध्ये कमी असेल, तर तुमची केबल बारीक आहे. 32 अँपिअरच्या चार्जरला तांब्याची किमान 6 चौरस मिलिमीटरची केबल लागते, अंतर जास्त असेल तर 10 ची. मीटरपाशीच कमी असेल तर दोष खांबाकडून येणाऱ्या लाईनचा किंवा ट्रान्सफॉर्मरवरच्या भाराचा आहे. 1912 वर तक्रार नोंदवा आणि आकडे वेळेसकट सांगा. ‘लाईट डीम येते’ या तक्रारीपेक्षा ‘रात्री साडेआठला मीटरवर 204 व्होल्ट’ ही तक्रार लवकर मार्गी लागते.

टप्पा 3: चार्जिंगची वेळ

गोव्याचा स्वतःचा मोठा वीजप्रकल्प नाही, बहुतेक सगळी वीज बाहेरून विकत येते. संध्याकाळी दिवे, एसी, हॉटेलं एकदम सुरू होतात, आणि नेमक्या त्याच वेळी सूर्य मावळून सौर वीज संपलेली असते. ऑफिसातून घरी येऊन गाडी लगेच चार्जिंगला लावणं म्हणजे या गर्दीत भर घालणं. एका वाड्यावर, म्हणजे गावातल्या एका वस्तीवर, 100 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर असेल आणि पाच घरांनी 7.2 किलोवॅटचे चार्जर एकाच वेळी लावले, तर 36 किलोवॅट, म्हणजे त्याची एक तृतीयांशाहून अधिक क्षमता पाच गाड्यांनीच खाल्ली. चवथीला मुंबई-पुण्याहून पाहुणे विजेच्या गाड्या घेऊन येऊ लागलेत. तेव्हा हे गणित एकाच घरात उभं राहतं. पाहुण्यांच्या गाड्यांची पाळी आधी लावा, मग आरतीला बसा.

क्रम असा:

1. दुपारी गाडी घरी असते का ते पाहा. असेल तर 10 ते 4 ही पहिली पसंती, मग छतावर पॅनल असोत वा नसोत. दुपारी ग्रिडमध्ये सूर्याची वीज मुबलक असते.
2. दुपारी गाडी घरी नसेल तर मध्यरात्रीनंतर. गाडीच्या किंवा चार्जरच्या अ‍ॅपमध्ये सुरू होण्याची वेळ घाला.
3. वेळ गोल आकड्यावर ठेवू नका. सगळे बरोबर 12 ला टायमर लावतात आणि 12 ला नवीन गर्दी होते. 12:25 किंवा 1:10 अशी आडवेळ घाला.
4. अँपिअर कमी करा. रात्रभर गाडी उभीच आहे तर 32 ऐवजी 10 ते 16 वर ठेवा. 10 अँपिअरवर तासाला साधारण सव्वादोन युनिट जातात, म्हणजे सात तासांत पंधरा-सोळा. गोव्यातल्या रोजच्या फेऱ्यांना ते पुरून उरतं.

दराचंही पाहा. केंद्राच्या 2023 च्या दुरुस्ती नियमांत टाइम ऑफ डे दराची, म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार बदलणाऱ्या दराची, चौकट दिली आहे. सौर तासांतला दर नेहमीच्या दराहून किमान 20 टक्के कमी. पीक, म्हणजे सर्वाधिक मागणीच्या, तासांतला दर व्यापारी-औद्योगिक ग्राहकांना किमान 20 टक्के जास्त, इतरांना किमान 10 टक्के जास्त. त्यासाठी स्मार्ट मीटर लागतो, आणि गोव्यासाठी तास व दर संयुक्त वीज नियामक आयोग ठरवतो. तुमच्या प्रवर्गाला काय लागू आहे ते चालू दरपत्रकात पाहा, व्हॉट्सअ‍ॅपवर नव्हे.

इथे एक हिशेब, कारण सगळा गोंधळ त्यातच आहे. नेहमीचा दर 100 पैसे धरा. सौर तासांत 80, पीकला 110. चार्जिंग पीकमधून सौर तासांत हलवलं तर युनिटमागे 30 पैसे वाचले. आता दुपारी एक युनिट बॅटरीत भरून रात्री घरात वापरायचं ठरवलं, तर ये-जा करताना साधारण पाचवा हिस्सा उष्णतेत जातो. 80 पैसे घालून 0.8 युनिट परत, त्याची पीकमधली किंमत 88 पैसे. फायदा 8 पैसे, आणि त्यातून बॅटरीची झीज वजा करायची बाकीच आहे. म्हणून माझं मत विचाराल तर, रोज गाडीवर घर चालवून पैसे वाचवायच्या फंदात पडू नका. वेळ हलवा, तेवढं पुरे. गाडीची वीज घरात घ्यायची ती लाईट गेल्यावर.

*थांबा:* छतावर सौर पॅनल आणि साधं नेट मीटरिंग असेल, तर ग्रिडला गेलेलं युनिट बिलात युनिटामागे युनिट वजा होतं. ते गाडीत साठवून परत काढणं हा सरळ तोटा आहे.

टप्पा 4: राखीव चार्ज आणि लोडची यादी

बॅटरीतला किती हिस्सा घराला द्यायचा हे लाईट असताना ठरवा. पद्धत सोपी आहे. घरातून सर्वांत लांबची अडचणीची फेरी कुठली? काणकोणला राहणाऱ्याला रात्री बांबोळीला गोवा मेडिकलमध्ये जावं लागलं तर जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर सहज होतात. युनिटला 7 किलोमीटर धरले तर 18 ते 20 युनिट. 45 च्या बॅटरीत हे चाळीस टक्क्यांच्या वर गेलं. त्याने राखीव 50 टक्क्यांवर ठेवावं. बांबोळी जवळ असलेल्या पर्वरीत राहणाऱ्याला 25 पुरे. गाडीच्या सेटिंगमध्ये व्हीटूएल कुठल्या टक्क्यावर बंद व्हावं हे घालता येत असेल तर तोच आकडा घाला, लक्षात ठेवण्यावर विसंबू नका.

रोजची मर्यादा एनएमसी बॅटरीला 80 टक्के ठेवणं बरं. एलएफपीला अधूनमधून पूर्ण भरायला कंपन्याच सांगतात, त्यामुळे टक्क्यांचा अंदाज बरोबर राहतो. हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट आला की दुपारीच वर भरून घ्या. पूर्ण भरलेली गाडी मेच्या उन्हात आठवडाभर उभी ठेवणं मात्र बॅटरीला महाग पडतं.

आता यादी. लाईट गेल्यावर खरंच काय लागतं? चार पंखे मिळून 280 वॅट (कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे असतील तर निम्म्याहून कमी), दहा एलईडी दिवे 90, राउटर 10, टीव्ही 80, फ्रिज चालू-बंद होत सरासरी शंभराच्या आसपास. सगळं एकदम सुरू नसतं, म्हणून 400 वॅट धरा. दहा तासांचे 4 युनिट, गाडीचा स्वतःचा खर्च आणि घट धरून साडेचार. 45 च्या बॅटरीतला दहा टक्के भाग. एवढ्यात रात्र निघते.

काय लावायचं नाही? गिझर आणि इंडक्शन: प्रत्येकी 2000 वॅटच्या घरात, एकाच वेळी दोन्ही लागले तर गाडी लगेच वीज तोडते. विहिरीचा पंप हा नेहमीचा घात. एक एचपीची मोटर चालताना साडेसातशे वॅटच्या वरच घेते, पण सुरू होताना काही क्षण त्याच्या चार-सहा पट ओढते. 3.3 केव्हीएवर ती कधी सुरू होते, कधी होत नाही. टाकी आधीच भरून ठेवा.

टप्पा 5: थेट एक्स्टेंशनवर

बहुतेकांनी इथेच थांबावं. गाडीच्या चार्जिंग पोर्टमध्ये कंपनीचा व्हीटूएल अडॅप्टर, त्याला जाड एक्स्टेंशन, त्याला फ्रिज, राउटर, एक पंखा. घराच्या वायरिंगचा संबंधच नाही, म्हणून धोकाही कमी.

1. अडॅप्टर गाडीच्या कंपनीचाच घ्या. ऑनलाइन मिळणारे स्वस्त अडॅप्टर दिसायला तसेच असतात, पण गाडीला अडॅप्टर ओळखता यावा म्हणून आत केलेली जोडणी आणि तांब्याची जाडी वेगळी निघते.
2. एक्स्टेंशन तीन तारांचं, तांब्याचं, किमान 2.5 चौरस मिलिमीटरचं, 16 अँपिअरच्या प्लगचं. 3.3 केव्हीए म्हणजे 14 अँपिअरच्या वर, लग्नमंडपातली दोन तारांची वायर तिथे वितळते.
3. केबल रीळावरून पूर्ण सोडा. गुंडाळलेली केबल आतल्या आत तापते, आणि बाहेरच्या वेढ्याला हात लावून ते कळत नाही.
4. जोड कुठेही ओल्या जमिनीवर नको. पावसात जोड पोर्चच्या आत, जमिनीपासून उंचावर.
5. दारात पाणी चढलं असेल किंवा वीज कडाडत असेल तर हे सगळं विसरा. अडॅप्टर काढा, गाडी उंचावर न्या.

*तपासा:* महिन्यातून एकदा, लाईट असतानाच, सराव करून पाहा. फ्रिज लावून अर्धा तास चालू ठेवा. अडॅप्टरचा लॉक कसा निघतो हे रात्रीच्या अंधारात शिकायची वेळ येऊ नये.

टप्पा 6: घराच्या वायरिंगला जोडायचंच असेल तर

आधी काय करायचं नाही ते. दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर करून एक टोक गाडीच्या अडॅप्टरमध्ये आणि दुसरं घरातल्या सॉकेटमध्ये घालणं, हा प्रकार जनरेटरच्या काळापासून चालत आला आहे. मेन स्विच बंद केला की झालं, असं म्हणतात. कोणीतरी अंधारात मेन वर केला की काय होतं ते बघा. तुमची 230 व्होल्टची वीज सर्व्हिस वायरने खांबावर जाते. ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी काम करतो, तो तिचे 11,000 व्होल्ट करू शकतो. सगळ्या वाड्याचा भार आला तर गाडी लगेच बंद पडेल. पण माडाची झावळ पडून लाईन तुटली असेल, किंवा लाईनमनने खांबावरचा फ्यूज काढला असेल, तर मागे दोन-चार घरंच उरतात. तेवढा भार गाडी ओढते आणि तार जिवंत राहते. वर चढलेल्या माणसाच्या मते ती मेलेली असते. शिवाय त्या वायरचा मोकळा प्लग हातात आला तर पिनांवर थेट वीज.

बरोबर काम परवानाधारक वायरमनकडून, या क्रमाने:

1. वेगळं आणीबाणीचं सर्किट. अख्खं घर नको. टप्पा 4 च्या यादीतले दिवे, पंखे, फ्रिज, राउटर यांच्या तारा एका छोट्या डीबीत, म्हणजे स्विचांच्या वितरण पेटीत, वेगळ्या काढा.
2. डबल पोल चेंजओव्हर, म्हणजे वीज कुठून घ्यायची ते बदलणारा स्विच. तीन स्थितींचा: ग्रिड, बंद, गाडी. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा. सर्वांत जास्त चूक इथे होते. स्वस्तात सिंगल पोल बसवतात, फेज तोडतात, न्यूट्रल सामाईक राहतो. मग गाडीचं संरक्षण उगाच तोडतं, आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) सारखा पडतो, आणि ग्रिडच्या न्यूट्रलशी गाडी जोडलेली राहते ती वेगळीच.
3. इनलेट सॉकेट. पिना आत दडलेल्या, झाकणाचा, पोर्चमध्ये भिंतीवर. गाडीकडून येणाऱ्या केबलच्या टोकाला सॉकेट असावं, उघडी पिन कधीच नाही.
4. 16 अँपिअरचा एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी या छोट्या डीबीत.
5. ग्रिडच्या बाजूला एक इंडिकेटर दिवा, चेंजओव्हरच्या आधी. लाईट आली हे त्याशिवाय कळणार नाही.

*थांबा:* बऱ्याच गाड्यांची व्हीटूएल वीज जमिनीपासून तुटलेली असते, म्हणजे तिचा न्यूट्रल कुठेही अर्थला जोडलेला नसतो. अशा वेळी पहिल्या दोषाला आरसीसीबी पडेलच असं नाही. वायरमन म्हणेल, ‘न्यूट्रल अर्थला मारून टाकूया.’ करू देऊ नका. तशी जोडणी मालकपुस्तकात किंवा कंपनीच्या लेखी उत्तरात सांगितली असेल तरच.

सौर पॅनल असतील तर आणखी एक सापळा. सौर इन्व्हर्टर ग्रिड गेल्यावर 2 सेकंदांच्या आत बंद होतो, लाईनमनच्या सुरक्षेसाठीच. पण तो चेंजओव्हरच्या घराकडच्या बाजूला जोडला असेल, तर गाडीची 230 व्होल्टची वीज बघून त्याला ग्रिड परतल्यासारखं वाटतं आणि तो आपली वीज तिच्यात ढकलायला लागतो. गाडीची यंत्रणा ही वीज घ्यायला बनवलेली नाही. सौर इन्व्हर्टरची तार नेहमी चेंजओव्हरच्या ग्रिडकडच्या बाजूला हवी.

घरात जुना इन्व्हर्टर आणि ट्यूब्युलर बॅटरी असेल तर तीही या सर्किटमधून बाहेर ठेवा. नाहीतर गाडीची वीज निमूटपणे त्या बॅटरीत भरली जाते आणि सकाळी कळतं.

सोसायटीत राहणाऱ्यांसाठी हा टप्पा नाही. सामाईक वायरिंगला गाडी जोडू नका.

टप्पा 7: लाईट गेल्यावर आणि आल्यावर

हा क्रम कागदावर लिहून छोट्या डीबीच्या झाकणाच्या आत चिकटवा. घरात दुसऱ्या कोणाला करावं लागलं तर तुम्हाला फोन करून विचारायची पाळी येऊ नये.

लाईट गेल्यावर:

1. दहा मिनिटं थांबा. आपल्याकडे लाईट जाते आणि येते, बऱ्याचदा दोन-तीनदा.
2. चेंजओव्हर ‘बंद’वर.
3. छोट्या डीबीतले सगळे एमसीबी खाली.
4. आधी केबल इनलेटमध्ये, मग अडॅप्टर गाडीत. व्हीटूएल सुरू करा, व्होल्टमीटरवर 230 च्या आसपास आकडा आला का पाहा.
5. चेंजओव्हर ‘गाडी’वर.
6. एमसीबी एकेक वर करा, फ्रिज सर्वांत आधी. मोटरच्या धक्क्याला मोकळी जागा असताना तो सुरू होऊ द्या, मग पंखे, मग दिवे.

लाईट आल्यावर इंडिकेटर पेटेल. पुन्हा दहा मिनिटं थांबा आणि व्होल्टेज पाहा. परत आलेली लाईट कधी 250 च्या वरही येते. मग एमसीबी खाली, चेंजओव्हर ‘बंद’वर, गाडीतलं व्हीटूएल बंद, अडॅप्टर बाहेर, शेवटी चेंजओव्हर ‘ग्रिड’वर. आणि लाईट आली म्हणून गाडी लगेच चार्जिंगला लावू नका. त्या क्षणी वाड्यातले सगळे फ्रिज, पंप, एसी एकदम सुरू झालेले असतात, ट्रान्सफॉर्मरवर सर्वांत वाईट भार तेव्हाच असतो. तासभर जाऊ द्या.

टप्पा 8: मीटरमधून उलटी वीज

याला व्हीटूजी म्हणतात. नेदरलँड्समधल्या उट्रेक्टमध्ये 2025 पासून भाड्याच्या रेनो 5 गाड्या अशा वापरल्या जातात. तिथली गाडी, चार्जर, मीटर आणि करार एकमेकांसाठी बनवलेले आहेत. व्हीटूएलचा अडॅप्टर असलेली तुमची गाडी त्या जातीची नाही. व्हीटूएल आपली स्वतंत्र वीज तयार करतं, ग्रिडच्या 50 हर्ट्‌झच्या लयीशी जुळवून घेत नाही. तशी वीज चालू ग्रिडला जोडली तर पहिला स्फोट गाडीच्या इन्व्हर्टरमध्ये होऊ शकतो.

पुढे जायचं की नाही हे पाच प्रश्नांवर ठरवा. एकाचं उत्तर ‘नाही’ आलं की थांबा.

1. गाडीची कंपनी व्हीटूजीला लेखी मान्यता देते का, बॅटरीच्या वॉरंटीसकट? ‘गाडी आयएसओ 15118-20 ला (गाडी-चार्जर संवादाच्या आंतरराष्ट्रीय मानकाला) तयार आहे’ एवढं पुरेसं नाही.
2. दुतर्फा चार्जर त्या गाडीबरोबर तपासलेला आहे का?
3. ग्रिड गेल्यावर तो आपोआप बंद पडतो, याचं प्रमाणपत्र आहे का?
4. दोन्ही दिशांचे युनिट मोजणारा मीटर खातं बसवून देणार आहे का?
5. बाहेर गेलेल्या युनिटचा हिशेब कुठल्या दराने होणार, हे आदेशात किंवा करारात लिहिलेलं आहे का?

सौर नेट मीटरिंगचा करार आहे, त्यातच गाडी चालवून घेऊ, असं काही जण म्हणतात. तो करार ठरावीक किलोवॅटच्या सौर यंत्रणेचा असतो. त्याच मीटरमागे बॅटरीतून वीज बाहेर सोडणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि नव्या मीटरच्या नोंदीत ती दिसते: रात्री नऊला छतावरून वीज येत नाही.

विचारायचं असेल तर आपल्या उपविभागाच्या सहाय्यक अभियंत्यांच्या नावे लेखी विचारा. अर्जात ग्राहक क्रमांक, मंजूर भार, गाडीचं मॉडेल, चार्जरचं मॉडेल आणि क्षमता, सौर यंत्रणा असल्यास तिची क्षमता व कराराची तारीख लिहा. सोबत चार्जरची प्रमाणपत्रं आणि वायरमनने काढलेला एका रेषेतला वायरिंगचा आराखडा जोडा, त्यात चेंजओव्हर कुठे आहे ते ठळक दाखवा. दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. चार्जरची ऑर्डर उत्तर आल्यावर द्या, आधी नको.